दीडशे पावलं

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स
८ नोव्हेंबर २०२०

श्रीमती लतिकावहिनींस दामोदरचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत, आणि तिकडं तुम्ही, श्रीधर, सूनबाई बरे असाल असं धरून चालतो. फोनवर तुम्ही "बरे आहात ना, भावोजी" एवढंच विचारता आणि फोन श्रीधरकडं देता. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्राला मधेच फोन दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

फेब्रुवारीत ऋजुताकडं दोन महिन्यांसाठी आलो, तो इथंच अडकलो. विमानं बंद झाली, मग सुरू झाली, पण माझ्या वयाच्या माणसाला ऋजुता आणि जावई सोडायला तयार नाहीत. दोघं घरातच ऑफिस करतात. जावई वरच्या खोलीत, ती खाली जेवणाच्या टेबलावर. मी स्वयंपाकघरात फोडणी टाकली की ऋजुता हात जोडते, "बाबा, मीटिंग आहे, ठसका नको." त्यामुळं मी बहुतेक वेळ बाहेर. पाय आहेत तोवर चालून घ्यावं.

गाव अगदी सपाट आहे. पूर्वी म्हणे इथं मोठं तळं होतं, ते उपसून जमीन काढली. सरळ रेघा मारल्यासारखी शेतं, कडेनं पाण्याचे चर, पॉपलरच्या रांगा. मोजणीदाराला स्वर्गच. गुंठ्यागुंठ्यावरून डोकी फुटावीत अशा आपल्या कोकणातल्या बांधांवर मी चौतीस वर्षं साखळी ओढली, आणि म्हातारपणी हे बघायला मिळालं. दुकानात जमिनीवर पट्ट्या चिकटवल्यात, दीड-दीड मीटरवर. माणसं त्या पट्ट्यांवर उभी राहतात. अख्खा देश एकमेकांपासूनचं अंतर डोळ्यांनी मोजत चाललाय. ऋजुता म्हणते, "बाबा, तुमचं खातं इकडं आलं."

शेजारी वीम नावाचे गृहस्थ आहेत. माझ्याच वयाचे, पूर्वी ट्युलिपचे कांदे पिकवायचे. कुंपणापलीकडून इंग्रजीत बोलतात. त्यांचं इंग्रजी हळू, माझं तर बैलगाडीच, त्यामुळं आमचं जमतं. मी मोजणीत होतो हे कळल्यापासून मला 'लांडमेटर' म्हणतात. त्यांच्या भाषेत मोजणीदार.

वीम शिकारी आहेत. इथं बदकांसारखे मोठे जंगली हंस येतात, शेतं फस्त करतात. तेव्हा परवाना असलेल्या माणसाला शेतकरी बोलावतात. जानेवारीत ते पूर्वेकडं मेहुण्याच्या जमिनीवर जातात, तिथं भेकरासारखं एक जनावर असतं. आता डोळे उतरलेत, म्हणून अंतर मोजायचं यंत्र घ्यायचंय. मुठीत मावतं, दुर्बिणीसारखं एका डोळ्याला लावायचं. बटण दाबलं की त्यातून न दिसणारा उजेड निघतो, समोरच्या वस्तूला लागून परत येतो, आणि किती मीटर ते आत आकड्यात दिसतं. त्यांच्या मंडळातल्या तिघांकडून तीन यंत्रं पाहायला आणलीत, आणि म्हणतात, "लांडमेटर, निवड तू करायची."

मी आधी नाही म्हटलं. मग म्हटलं, बघायला काय हरकत आहे.

पहिल्याच दिवशी शर्यत लावली. मी डोळ्यांनी सांगायचं, मग त्यांनी यंत्रानं बघायचं. कोपऱ्यावरचा पॉपलर मी एकशे ऐंशी म्हटलं, यंत्र म्हणालं एकशे एक्क्याऐंशी. पूल दोनशे चाळीस म्हटलं, दोनशे छत्तीस निघाला. वीम हसत सुटले. "मग मी यंत्र कशाला घेऊ? तुलाच खिशात घालून नेतो."

मी हसलो. घरी येऊन ताटावर बसलो, आणि ताट बाजूला सारलं. असंच कुणीतरी बोललं होतं. कोण ते तुम्ही ओळखाल. त्याचं नाव मी तुमच्यासमोर इतक्या वर्षांत घेतलेलं नाही, आजही राहू दे.

ओल्या काजूची उसळ करताना आठवण काढा. इकडं काजू खारवलेलेच मिळतात.

तुमचा भावोजी,
दामोदर


नीउ-व्हेनेप
२८ डिसेंबर २०२०

लतिकावहिनी,

नमस्कार. मागचं पत्र पोचल्याचं श्रीधरनं फोनवर सांगितलं. सव्वा महिना लागला म्हणे. तुम्ही वाचून ट्रंकेत ठेवलंत, काही बोलला नाहीत, हेही सांगितलं. बोला असं मी म्हणत नाही.

इकडं पुन्हा सगळं बंद झालंय. किराणा आणि औषधं तेवढी चालू. घरात बाहेरची दोन-तीनच माणसं बोलवायची असा नियम, त्यामुळं नाताळ सुनासुना गेला. चार वाजले की उजेड मावळायला लागतो. कडेच्या चरांवर विलोची झाडं आहेत, दरवर्षी त्यांची डोकी छाटतात, मग नुसता बुंधा आणि वर मुठीएवढी गाठ उरते. कलत्या उजेडात ती झाडं वाकून बसलेल्या माणसांसारखी दिसतात. मी त्या बाजूला बघायचं टाळतो, पण रस्ता तोच आहे.

यंत्रांचं सांगतो, कारण वीमना कागदावर लिहून द्यायचं कबूल केलंय आणि आधी तुमच्यापाशी मराठीत जुळवून बघतो.

पहिलं यंत्र गोल्फ खेळणाऱ्यांचं. त्याची खोड अशी की जे सगळ्यांत जवळ असेल ते धरतं. मी झाडावर रोखलं, आणि ते मधल्या लव्हाळ्यावर अडकून म्हणालं, बारा मीटर. मैदानावर झेंडा शोधायला ठीक, रानात उपयोगाचं नाही.

दुसरं शिकारीचंच. ते मधलं गवत, काटक्या सोडून मागची वस्तू धरतं. चांगलं आहे, पण आकडे काळे. दुपारी लख्ख दिसतात, ऊन गेलं की काळ्या झाडीवर काळा आकडा, काय कप्पाळ दिसणार. आणि जनावर निघतं ते नेमकं त्याच वेळेला.

तिसऱ्याचे आकडे लाल. चष्म्यावरून लावता येतं. चढउतार असला तर सरळ अंतर किती तेही वेगळं दाखवतं. खोक्यावर हजार मीटर छापलंय, पण ते पांढऱ्या भिंतीवर. जनावराच्या अंगावरून उजेड परत येत नाही तितका, चारशेच्या पुढं भरवसा नाही. हात कापत असेल तर खांबाला टेकवायचं. तीनदा मोजायचं, दोनदा तेच आलं तर खरं मानायचं.

हे सगळं परवा बघितलं. दुपारी तीनची वेळ. वीम म्हणाले, "मी पलीकडं बांधावर जाऊन बसतो, तू इकडून बघ. आधी डोळ्यांनी." मधे रुंद चर आणि खोलगट कुरण, पलीकडं बांधाचा चढ. ऊन समोरून, डोळ्यांत जाणारं. वीम एका विलोखाली उकिडवे बसले.

मी डोळ्यांनी म्हटलं, एकशे वीस.

मग यंत्र लावलं. लाल आकडा आला, त्रेसष्ट.

मला वाटलं गवतावर अडकलं. पुन्हा लावलं. त्रेसष्ट. तिसऱ्यांदा त्रेसष्ट. वीम तिकडून ओरडले, "किती?" मी यंत्र डोळ्याला तसंच धरून होतो. ते चालत परत आले, आकडा बघितला, म्हणाले, "आज लांडमेटर हरला." मग माझ्याकडं नीट बघितलं त्यांनी. दीड मीटर राखून उभे राहिले बराच वेळ. जवळ यावं की नाही कळेना त्यांना.

वहिनी, मोजणीत मला कुणी शिकवलं नाही. सातवी पास मुलगा, साखळी ओढायला ठेवला, बघून-बघून शिकलो. डोळ्यांवर माझा फार विश्वास होता, तुम्हाला तो ठाऊकच आहे. 'दामूचा डोळा' म्हणायचे सगळे. तर तो डोळा समोर ऊन असताना, खोलगटाच्या पलीकडं चढावर, दुप्पट सांगतो. हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं.

अठ्ठ्याऐंशीचा पौष आठवतो. व्हाळाच्या पाण्यापलीकडं काजूंचा चढ. डुकरांनी सगळ्यांची वायंगणी शेतं उकरून टाकली होती, म्हणून रान उठवायला हाका घातला. त्या दिवशी टिपायच्या बैठकांवर माणसं मीच बसवली. तुम्हाला सगळ्यांनी जे सांगितलं तेच मीही सांगितलं, की तुमच्या रवींद्रला दीडशे पावलांवर बसवला होता आणि तो बैठक सोडून निम्म्यावर उतरला. घोंगडी वरच्या काजूखाली आणि तो खाली, पंचनाम्यात आहे तसं. कोर्टानंही तेच धरलं आणि मला सोडलं.

आज एवढंच. हात गारठलेत.

हो, एक सांगायचं राहिलं. वीम म्हणाले, त्यांच्याकडं मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. मग टोपी काढून क्षणभर उभं राहतात. मी विचारलं, घाई असेल तर? ते म्हणाले, "घाई असेल तर मारूच नये."

दामोदर


नीउ-व्हेनेप
१४ फेब्रुवारी २०२१

लतिकावहिनी,

काल श्रीधरचा फोन आला. म्हणाला, "काका, आईनं एक विचारायला सांगितलंय. ती म्हणते, तसंच्या तसं विचार, आपलं काही घालू नको." आणि त्यानं वाचून दाखवलं: "ह्यांना हिवताप भरायचा. पौषात अंगावरची घोंगडी मेल्याशिवाय निघायची नाही, असं म्हणायचे. खाली उतरले तर ती वर ठेवून का उतरले?"

"तिला काय सांगू?" श्रीधर म्हणाला.

मी म्हटलं, "लिहून कळवतो."

"काका, काही आहे का?"

"लिहितो म्हटलं ना."

बत्तीस वर्षं तुम्ही हे मनात धरून होता. विचारलं नाहीत. मी आंब्याच्या दिवसांत यायचो, तुम्ही पन्हं पुढं करायचा, आणि मला वाटायचं, वहिनींनी मला माफ केलं. तुम्ही मला माफ केलंत, रवीला नाही. मला तेच सोयीचं होतं.

आता लिहितो. मधे थांबणार नाही.

नियम तुम्हाला माहीत आहे. माणसं बसवणाऱ्यानं प्रत्येक बैठक स्वतः चालून मोजायची. दोन बैठकांत दीडशे पावलं. शिट्टी होईस्तोवर कुणी हलायचं नाही, आणि हलला तर त्याला आणि त्याच्या घराला शिकारीत वाटा नाही. त्या दिवशी उशीर झाला होता, मधे व्हाळ, उतरून चढायचा मला कंटाळा आला. अलीकडूनच काजू दाखवला आणि म्हटलं, "रवी, त्या झाडाखाली बस. दीडशे भरतील." ऊन समोरून येत होतं.

रवी म्हणाला, "मोजून येतोस ना?"

मी म्हटलं, "साखळीवाल्याला मोजायला सांगतोस?"

तो हसला. म्हणाला, "नको रे बाबा. तुझा डोळा असला की साखळी कशाला, तुलाच खिशात घालून फिरतो." आणि घोंगडी खांद्यावर टाकून व्हाळ उतरला. शेवटचं बोलणं तेच.

ऊन गेलं. काजूच्या चढावर सगळी झाडं एकसारखी काळी झाली, रवीचं कुठलं ते कळेना. हाकाऱ्यांचा आवाज जवळ आला, आणि समोर करवंदीच्या जाळीमागं काहीतरी काळं, बुटकं हललं. ऐंशी पावलं, मी मनात म्हटलं. रवी दीडशेवर आहे, म्हणजे हा रवी नाही. आणि बार टाकला.

वहिनी, तो ऐंशीचा अंदाज बरोबर होता. परवा वीमबरोबर ऊन बुडाल्यावर मी बांधावरच्या त्याच विलोकडं पुन्हा बघितलं, यंत्राशिवाय. डोळ्यांनी बरोबर साठ-बासष्ट सांगितलं. ऊन नसलं की माझा डोळा खरं बोलतो. खोटं तो दुपारी बोलला होता, मी न मोजता बसवला तेव्हा. न मोजता बसवला, हे मागच्या पत्रात मी तुमच्यापासून लपवलं.

मी बैठक सोडून धावलो. शिट्टी झाली नव्हती. मोजणीदाराचे पाय आपोआप मोजतात, मला थांबवता येत नाही. एक्क्याऐंशी. रवी मी दाखवलेल्या काजूखालीच होता, बुंध्याला टेकून, घोंगडी पांघरलेली. पायातल्या वहाणेचा अंगठा बांधायला वाकला असावा, एक वहाण हातात होती. तो जागचा तसूभर हलला नव्हता.

हाकारे अजून टेकाडामागं होते. मी त्याच्या अंगावरची घोंगडी काढली आणि चढ चढायला लागलो. पाय मोजतच होते. एकशे अठ्ठेचाळीसला एक काजू आला, त्याच्याखाली ती टाकली. परत खाली आलो आणि मग ओरडलो. सगळे धावत आले तेव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. सगळ्यांनी तेवढंच पाहिलं.

घोंगडी काढली तेव्हा तो गेलेला होता, असं मी धरून चालतो. नाडी पाहिली नव्हती. पाणी पाजलं नाही. माझ्या कमरेला पाण्याची बाटली होती, ती घरी आल्यावर आमच्या हिनं, साधनानं, ओतली, भरलेलीच. तिनं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्यानंतर आमच्या घरात कधी मटण शिजलं नाही. जाईपर्यंत तिनं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पंचनाम्याला फौजदारानं टेपचं एक टोक मलाच धरायला दिलं. "तुम्ही खात्यातले, तुमच्यासारखं कोण मोजणार." माझ्या बैठकीपासून घोंगडीपर्यंत मीच मोजलं. त्यावर माझी सही आहे.

गावानं तुमच्या दारी वाटा पाठवायचा बंद केला. श्रीधरला हाक्यात कधी घेतलं नाही, 'बापासारखा उतावळा' म्हणाले, तेही पोराच्या तोंडावर. मी माझा वाटा गुपचूप तुमच्या पडवीत ठेवून यायचो पहिली दोन वर्षं, तुम्ही तो परत पाठवलात. बरोबर केलंत. तुम्ही रवीचा फोटो भिंतीवर लावला नाहीत, ट्रंकेत ठेवलात. एकदा मला म्हणालात, "दोन घटका थांबले असते तर. माझा नाही, निदान पोराचा विचार करायचा." मी तिथं ओटीवर बसलो होतो, वहिनी. हातात तुमचं पन्हं होतं. मी ते प्यायलो.

वीमनी लाल आकड्यांचं यंत्र घेतलं, मीच सांगितलं म्हणून. कागदावर शेवटी एक ओळ जास्त लिहून दिली: आकडा आला तरी बार टाकू नये, आधी साध्या दुर्बिणीतून कोण आहे ते बघावं. ते म्हणाले, "हे तर सगळ्यांना माहीत असतं." मी म्हटलं, "हो, असतं." संध्याकाळी दारात सुपाचं भांडं ठेवून गेले.

आता तुम्ही काय करायचं ते सांगायचा मला अधिकार नाही, तरी मागतो. हे पत्र आधी तुम्ही वाचा, मग श्रीधरला द्या, आणि शिमग्यात गावकी बसेल तेव्हा देवळात त्यानं मोठ्यानं वाचावं. कुणी म्हणेल म्हातारा परदेशात भ्रमिष्ट झालाय. त्यांना व्हाळापलीकडं घेऊन जा. माझी बैठक तुम्हाला दाखवतील, दगडावर टाकीचा घाव आहे, हद्दीचा. तिथून सरळ समोर, व्हाळ उतरून-चढून, पावलं मोजत जा. एक्क्याऐंशी. माणसागणिक चार-दोन इकडचीतिकडची होतील. त्या काजूच्या बुंध्यात, जमिनीपासून दीडेक हातावर, मोठ्या छऱ्याचे दोन-तीन दाणे सालीखाली रुतलेले असतील. साल भरून आली असली तरी गाठी राहतात. माझ्या शब्दावर काही मानू नका, माझ्या शब्दावर एकदा मानलंत तेवढं पुरे. मोजून घ्या.

आणि रवीचा फोटो ट्रंकेतून काढा. तो थांबला होता, वहिनी. मी सांगितलं तिथं, सांगितलं तसा, शेवटपर्यंत थांबला होता.

विमानं नीट सुरू झाली की मी येईन, फौजदारासमोरही उभा राहीन. ऋजुताला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टपालात टाकून आलो की सांगणार आहे, ती खाली टेबलापाशी आहे.

भावोजी लिहायला हात गेला होता, आवरला.

बैठक सोडलेला,
दामोदर